लांडग्यांना भूक सांगणारी मुलगी

आमच्या घरात गेले तीन आठवडे एका पुस्तकावरून कुरबुर चालू आहे. आवाज चढवून भांडणारं आमच्याकडे कुणी नाही. पण जेवताना विषय निघाला की माझी मुलगी आमटीचं पातेलं जरा आपटून ठेवते आणि जावईबापू ताटात मान घालून गप्प बसतात. पुस्तक माझं आहे. १९७८ साली वडिलांनी फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेलं, पहिल्या पानावर पेन्सिलीने 'रु. २' लिहिलेलं, पाठीचा डिंक सुटलेलं. नाव 'ज्यूली ऑफ द वुल्व्ज', लेखिका जीन क्रेगहेड जॉर्ज. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. पुस्तकातली मुलगीही तेराच वर्षांची.

आता माझ्या नातीला बारा पूर्ण झाली. 'सुट्टीत तिला काहीतरी चांगलं वाचायला दे,' असं तिच्या आईनेच मला सांगितलं, म्हणून मी ते कपाटातून काढून दिलं. आईने, म्हणजे माझ्या लेकीने, आधी स्वतः रात्री बसून ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात ठेवलं, ते मधल्या दोन पानांना यू-पिन लावून. "एवढं तिने वाचायचं नाही. तूच तिला सांग, तुझं ऐकते ती." मी म्हटलं, मी सांगणार नाही. झालं, तिथून सुरुवात!

भांडायचं तर निदान पुस्तक नीट आठवायला हवं, म्हणून चाळिसाहून अधिक वर्षांनी मी ते पुन्हा वाचलं. एका रात्रीत नाही, चांगलं चार दिवस पुरवून. मला जे आठवत होतं ते सगळं त्यात होतं. पण जे मुळीच आठवत नव्हतं तेही होतं, आणि तेच जास्त होतं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. अलास्काचा अगदी उत्तरेकडचा उतार. झाड म्हणून औषधाला नाही. नुसतं शेवाळ, खुरटं गवत आणि पाणथळ जमीन. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्री तारे बघून दिशा ठरवावी तर तीही सोय नाही. अशा ठिकाणी मियॅक्स नावाची मुलगी वाट चुकली आहे. (पुस्तकात तिला एस्किमो म्हटलं आहे. तिथली माणसं स्वतःला इनुपियात, युपिक अशी आपापली नावं घेतात आणि 'एस्किमो' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव आता अनेकांना नकोसं वाटतं.) ती घरातून पळाली आहे. पॉइंट होपपर्यंत चालत जायचं, तिथून बोट पकडून सॅन फ्रान्सिस्कोला आपल्या पत्रमैत्रिणीकडे पोचायचं, असा तिचा बेत. जवळचं अन्न संपलं आहे. थोड्या अंतरावर लांडग्यांचा एक कळप राहतो आहे.

आणि तिला एक आठवण आहे. तिचे वडील कापुगेन मोठे शिकारी. ते एकदा म्हणाले होते की रानात उपाशी मरायची वेळ आली तेव्हा मी लांडग्यांना सांगितलं, मला भूक लागली आहे, आणि त्यांनी मला मांस आणून दिलं. पण सांगितलं ते कसं, हे सांगायचं राहून गेलं. मग एक दिवस वडील कयाकमध्ये बसून सीलच्या शिकारीला गेले ते परत आलेच नाहीत.

कादंबरीचा पहिला भाग म्हणजे, खरं सांगायचं तर, एक उपाशी मुलगी पालथी पडून लांडग्यांकडे बघते आहे, बस्स. कुणाचे कान कुठे वळले, शेपूट किती वर गेलं, कोण कुणापुढे मान घालतं, कोण कुणाची हनुवटी तोंडात धरतं, हे ती बघत राहते. मोठ्या काळ्या नर लांडग्याला ती अमारोक म्हणते. त्याच्याभोवती बाकीचे लाडाने जमतात आणि त्याच्या हनुवटीला तोंड लावतात, हे तिच्या ध्यानात येतं. मग एक दिवस तो जवळ येतो तेव्हा ती धीर करून हात पुढे करते आणि त्याच्या हनुवटीखाली थोपटते. तो तिला आपल्यातली मानतो. तरी जेवण लगेच मिळत नाहीच. पिल्लांना राखायला मागे राहणारा जेलो नावाचा एक लांडगा आहे, पोटातलं मांस ओकून पिल्लांना भरवणारा. कापू नावाचं एक धीट पिल्लू त्याच्याकडून ते वसूल करतं आणि त्यातला वाटा मियॅक्सला मिळतो. ती तो आपल्या भांड्यात घालून शिजवते.

मोठ्यांना वाटतं, मुलांना हे किळसवाणं वाटेल. माझ्या नातीने हा भाग मला मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा. दुसऱ्यांदा मी पोहे खात होते तेव्हा.

रानात एकटं सापडलेल्या मुलांच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. बहुतेकींचा साचा ठरलेला असतो: हातात हत्यार येतं, मग निवारा, मग विस्तव, मग समोरचं जनावर मारलं जातं आणि मुलगा पुरुष होतो. नाहीतर मग मोगलीसारखं. १९९३ च्या रविवारी सकाळी दूरदर्शनपुढे बसून आपल्या मुलांनी ज्याची सवय करून घेतली, त्या मोगलीचे लांडगे माणसासारखे बोलतात, सभा भरवतात, कायदा पाळतात. किपलिंगचं ते जंगल आपल्या शिवनीचं असलं तरी त्यातले प्राणी इंग्रजी शाळेत शिकून आल्यासारखे वागतात. मियॅक्सचे लांडगे बोलत नाहीत. त्यांची भाषा तिला शिकावी लागते, तीही त्यांच्या अंगावरून. तिच्याकडे सुरी आहे, सुया आहेत, काड्यापेटी आहे. पण ती जगते ती मागता आल्यामुळे. लहानपणी मला यात पराक्रम दिसला होता. आता वाटतं, पराक्रमाहून अवघड अशी ही गोष्ट आहे. मदत मागायची, आणि ती समोरच्याच्या रीतीने मागायची! आपल्याला ते शेजाऱ्याकडेसुद्धा जमत नाही.

लेखिकेला हे कुठून सुचलं याची हकीकत मोठी छान आहे. जीन क्रेगहेड जॉर्ज (१९१९–२०१२) ही एका कीटकशास्त्रज्ञाची मुलगी. घरात घुबडं, ससाणे, कायकाय पाळलेलं. तिचे जुळे भाऊ फ्रँक आणि जॉन पुढे यलोस्टोनच्या ग्रिझली अस्वलांचे नाणावलेले अभ्यासक झाले. या भावांची आपल्याकडेही एक खूण आहे. शिकारी पक्षी पाळण्यावरचा त्यांचा लेख वाचून भावनगरच्या राजघराण्यातल्या धर्मकुमारसिंहजींनी त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. ते स्वतः मोठे पक्षीतज्ज्ञ. त्यांच्या बोलावण्यावरून ही जुळी १९४० मध्ये भावनगरला येऊन राहून गेली. अशा घरातल्या बहिणीने मुलांसाठी रानाच्या गोष्टी लिहिल्या यात नवल नाही. १९५९ सालची 'माय साइड ऑफ द माउंटन' ही तिची आधीची कादंबरीही गाजलेली आहे.

१९७० मध्ये ती आपल्या ल्यूक या मुलाला घेऊन अलास्कात बॅरोला गेली. तिथल्या आर्क्टिक संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ लांडग्यांच्या खाणाखुणा उलगडत होते, ते बघायला. परतली तेव्हा तिच्या मनात दोन चित्रं होती: बॅरोबाहेरच्या अफाट टुंड्रावरून एकटीच चालत निघालेली एक लहान मुलगी, आणि दक्षिणेकडच्या राष्ट्रीय उद्यानात पाहिलेला एका कळपाचा रुबाबदार म्होरक्या. १९७२ मध्ये पुस्तक निघालं, १९७३ मध्ये त्याला न्यूबेरी पदक मिळालं. (आपल्याकडचा वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. दोन्ही टोकांना एकाच वेळी काहीतरी जाणवत होतं म्हणायचं.)

त्या वेळचं लांडग्यांबद्दलचं शास्त्र पुस्तकात जसंच्या तसं उतरलं आहे, आणि इथे पुन्हा वाचताना मी अडखळले. कळपात एक सत्ताधीश असतो, बाकीचे उतरंडीने खाली, असं तेव्हा मानत. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने १९४७ मध्ये प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरून ते मांडलं होतं आणि डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० च्या ग्रंथाने ते सगळीकडे पोचवलं. पुढे याच मेकने कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ एकामागून एक उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये लिहून टाकलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची वेगवेगळ्या वेतांची पोरं. बाप पुढे असतो तो लढाई जिंकून नव्हे, बाप आहे म्हणून! स्वतःचंच जुनं पुस्तक छापणं थांबवा असं तो प्रकाशकांना सांगत राहिला, आणि अखेर २०२२ मध्ये ते थांबलं. आपलंच पुस्तक मागे घेणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

कादंबरीत जेलो पुढे चोरटा होतो, मियॅक्सचं अन्न पळवतो आणि कळप त्याला मारून टाकतो. उतरंडीच्या जुन्या शास्त्रातून आलेला हा भाग आज थोडा रचलेला वाटतो. पण गंमत अशी की लेखिकेच्या डोळ्याला शास्त्राच्या आधीच खरं दिसलं होतं. अमारोक आणि सिल्व्हर ही मादी, त्यांची पिल्लं, बरोबर राहणारा नेल्स... मियॅक्सला दिसतं ते कुटुंब. बाप दमून आला तरी पिल्लं त्याच्या अंगावर चढतात. वडील हरवलेली मुलगी दुसऱ्या कुणाचे वडील बघत बसली आहे, हे मला तेराव्या वर्षी कळलं नव्हतं.

आपल्या भाषेने लांडग्याचं फार वाईट केलं आहे, हे जाता जाता सांगायला हवं. लबाड कोण तर लांडगा, लचके तोडणार तो लांडगा, आणि 'लांडगा आला रे आला' तर प्रत्येक मुलाला बोलायला लागल्यावर लगेच सांगायचं. माळावर मेंढरं राखणाऱ्यांचं त्याच्याशी वैर आहे, पण ओळखही आहे. सोलापूरजवळ नान्नजच्या गवताळ माळावर तो आजही राहतो. आपण घरात बसलेले लोक मात्र त्याला कधी न बघताच घाबरतो. नातीने पुस्तक वाचून पहिल्यांदा मला विचारलं ते हेच, की आपल्या गोष्टीत लांडगा खरंच आला होता, मग खोटं कोण बोललं?

आता त्या पिन लावलेल्या पानांविषयी.

मियॅक्स घरातून पळाली ती का, हे दुसऱ्या भागात येतं. वडील गेल्यावर ती आत्याकडे वाढली, शाळेत ज्यूली झाली. तेरावं लागल्यावर तिला बॅरोला पाठवलं गेलं, कारण वडिलांनी तिच्या लहानपणीच एका मित्राच्या मुलाशी तिचं लग्न ठरवून ठेवलं होतं. हा मुलगा, डॅनिएल, बुद्धीने अधू. लग्न लागतं आणि तसं काही बिघडतही नाही. दोघं आपापली राहतात. मग गावची पोरं त्याला चिडवतात आणि एक दिवस तो घरी येऊन तिच्यावर जबरदस्ती करू बघतो. तिचे कपडे फाटतात. त्याला काही जमत नाही. ती निघून जाते. एवढंच, दोन पानंही पुरती नाहीत. पण या दोन पानांपायी अमेरिकेत किती शाळांतून पुस्तकाविरुद्ध तक्रारी झाल्या! १९९० ते १९९९ या दशकात तिथल्या ग्रंथालयांकडे ज्या पुस्तकांबद्दल सर्वांत जास्त हरकती आल्या, त्या शंभरांच्या यादीत हे पुस्तक आहे. म्हणजे माझी लेक एकटी नाही.

या पानांना दुसरीही एक हरकत आहे आणि ती मला अधिक वजनदार वाटते. ती आहे इनुपियात वाचकांची. त्यांचं म्हणणं, हा असला विवाह आमची रीत नव्हे. बाईंनी वेगवेगळ्या लोकांच्या चालीरीती एकत्र कालवल्या. हे खोटं नाही. मियॅक्स मूळची नुनिवाक बेटाची, तिथली भाषा वेगळी, बॅरोची वेगळी. पुस्तकात गोऱ्या माणसासाठी बॅरोतही जो शब्द वापरला आहे, तो दक्षिणेकडच्या युपिकांचा. एखाद्या परदेशी बाईने मालवणी आणि वऱ्हाडी एका घरात नांदवावं, तसं ते त्यांना वाटत असणार. लांडग्याच्या कानाची हालचाल टिपणाऱ्या लेखिकेचा माणसांच्या बोलीकडे मात्र कान कमी पडला. मुलांच्या हाती पुस्तक देताना हे त्यांना सांगावं. पिनेपेक्षा ते उपयोगी पडेल.

या गोष्टीला एक शेपूट आहे, मला फार आवडणारं. लेखिकेचा दुसरा मुलगा क्रेग सत्तरच्या दशकात बॅरोला गेला आणि तिथलाच होऊन राहिला. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने तिथल्या बोहेड देवमाशांच्या शिकारीवर बंदी घातली, कारण शास्त्रज्ञांच्या हिशेबाने ते फार थोडे उरले होते. इनुपियात शिकारी सांगत होते, भरपूर आहेत. तुम्ही उघड्या पाण्यातले मोजता, ते बर्फाखालून जातात. क्रेग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाण्यात ध्वनिग्राहक सोडून कान लावला, वर्षानुवर्षं मोजलं, आणि शिकाऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. २०२३ मध्ये तो गेला. आईने जे लांडग्यांच्या बाबतीत लिहिलं, ते मुलाने आईच्या पुस्तकावर नाराज असलेल्या माणसांच्या बाबतीत केलं. बॅरो हे नावही आता राहिलं नाही. २०१६ मध्ये तिथल्या लोकांनी मत देऊन जुनं उतकियागविक हे नाव परत घेतलं.

पण माझ्या घरात त्या दोन पानांचा इतिहास निराळा आहे.

१९७८ मध्ये आम्ही गिरगावात दोन खोल्यांत राहत होतो. मी हे पुस्तक घेऊन खिडकीत बसलेली, आणि आजी खाली तांदूळ निवडत. "काय एवढं वाचतेस गं?" तिने विचारलं. इंग्रजी तिला येत नव्हतं. मी तिला गोष्ट सांगितली. लांडगे सांगितले, बर्फ सांगितलं. मग ती मुलगी रानात आलीच कशी, असं तिने विचारल्यावर तेही सांगितलं, माझ्या तेव्हाच्या समजुतीप्रमाणे: तिचं लग्न लहानपणी झालं होतं आणि नवरा वाईट वागला. आजीचा हात ताटात थांबला.

"मग? परत नेऊन घातली का तिला?"

"नाही. ती लांडग्यांत राहिली."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं केलं." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

माझ्या आजीचं लग्न १९३० च्या सुरुवातीला झालं. शारदा कायदा त्या वर्षीच्या एक एप्रिलपासून लागू व्हायचा होता. चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न मग गुन्हा ठरणार म्हणून त्याआधी देशभर घाईघाईने लग्नं उरकली गेली. आजी तेव्हा तेरा वर्षांची. पुढचं मला फार वर्षांनी, ती गेल्यावर, आईकडून कळलं: ती दोनदा माहेरी पळून आली होती आणि दोन्ही वेळा तिला परत नेऊन घातलं होतं. दुसऱ्या वेळी तिच्या वडिलांनी स्वतः, बैलगाडीतून. माझ्या पिढीने आजोबांना शांत, देवभोळे म्हणून पाहिलं. तेव्हा काय होतं ते त्या दोघांना ठाऊक.

मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, ते खरंय. पण म्हणून बाराव्या वर्षी तिला हे माहीत व्हायलाच हवं का? अजून दोन वर्षं मी तिला देऊ शकते तर का देऊ नयेत?" तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. आजीला कुणी दोन वर्षं दिली नाहीत. एखादी आई ती देऊ बघते, तर तिला हसण्यात अर्थ नाही, आणि मी हसलेही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पिन चुकीच्या पानांना लावली आहे.

कारण या पुस्तकात घाबरण्यासारखं पान दुसरंच आहे. डॅनिएलच्या घरातून मियॅक्स पळते, सुटते. वाचणाऱ्या मुलीलाही सुटल्यासारखं वाटतं. पुढे हिवाळा येतो, सूर्य दिसेनासा होतो, आणि एके दिवशी आकाशात विमान येतं. विमानातून गोळ्या सुटतात आणि अमारोक पडतो. कापू जखमी होतो. विमान खाली उतरतही नाही, कातडं घ्यायलासुद्धा नाही. हे लेखिकेच्या मनाचे खेळ नव्हते. विमानातून लांडगे टिपणं हा तेव्हा अलास्कात शौक होता. अमेरिकेने १९७१ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, तो पुस्तकाच्या अगदी तोंडावर. पण सरकारी परवान्याची वाट त्यात ठेवलेली होती आणि २००३ नंतर अलास्कात ती पुन्हा वापरली गेली. हरणं वाढावीत म्हणून लांडगे कमी करायचे, असा हिशेब.

मियॅक्स कापूची शुश्रूषा करते. सॅन फ्रान्सिस्कोचा बेत तिच्या मनातून गळून पडतो. गोळी झाडणारे तिकडचेच, असं तिला वाटतं. ती जुन्या रीतीने एकटी जगायला लागते. आणि मग तिला कळतं, वडील जिवंत आहेत. कांगिक नावाच्या गावात. धावत ती तिकडे जाते... आणि दार उघडल्यावर दिसतं ते असं: विजेचे दिवे, गोरी बायको, आणि कोपऱ्यात वैमानिकाचं शिरस्त्राण. कापुगेन विमान चालवतो. शिकाऱ्यांना घेऊन जातो. ज्याने तिला सांगितलं होतं की लांडगे आपले भाऊ आहेत, त्यांना भूक सांगता येते, तोच. अमारोकला मारणाऱ्या त्या विमानात तो होता की नाही, हे ही कादंबरी उघड सांगत नाही. सांगायची गरजही नाही.

तेरा वर्षांची असताना मला हे पान आठवणीत ठेवता आलं नाही, याचं आता आश्चर्य वाटत नाही. वडिलांनी मला हे पुस्तक आणून दिलं होतं. त्यांच्या हातून आलेल्या पुस्तकातले वडील असे निघावेत, हे मी सरळ विसरूनच गेले! मला वाटायचं की ती वडिलांना भेटते आणि गोष्ट संपते. डॅनिएल मात्र मला चांगला आठवत होता. आपल्याला वाईट माणसाची भीती वाटते ती सोसवते. आपलं माणूस बदलतं, पोटासाठी बदलतं, आणि तरी प्रेमाने जवळ घेतं, हे सोसवत नाही. कापुगेन दुष्ट नाही. त्याचं गाव गरीब आहे, सील कमी झाले आहेत, गावाला पैसा हवा आहे. १९६८ मध्ये प्रूडो बे इथे तेल सापडलं आणि या सगळ्या उत्तरेचं जगणंच पालटलं. कुणाचा बाप त्यातून सुटणार होता?

मियॅक्स एकदा तिथून पळते, बर्फात परत. तिने वाढवलेलं टोर्नाइट हे पाखरू थंडीने मरतं. मग ती लांडग्याच्या आत्म्याला उद्देशून गाते, आणि ते गाणं ती आपल्या भाषेत नाही, इंग्रजीत गाते. लांडग्याचा आणि आपला काळ सरला असं त्यात म्हणते. आणि वडिलांच्या घराकडे पावलं वळवते. बस्स, पुस्तक इथे थांबतं. १९९४ मध्ये लेखिकेने पुढचा भाग लिहिला आणि १९९७ मध्ये आणखी एक, त्यात पुष्कळ गोष्टी मिटवल्या, गोडही केल्या. मी ते भाग नातीला देणार नाही, निदान लवकर तरी नाही. पिन लावायचीच तर मी तिथे लावीन!

परवा रात्री या सगळ्याचा निकाल लागला. नात पुस्तक संपवून बाहेर आली. डोळे लाल. माझ्या मुलीने पुस्तक हातात घेतलं, उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की यू-पिन जागेवर आहे, पण उलट्या बाजूने लावलेली. काढून, वाचून, पुन्हा आठवणीने लावून ठेवलेली. "वाचलंस ना?" आईने विचारलं. "हो. पहिल्याच दिवशी," नात म्हणाली. "त्यात काय? ती पळाली ना."

मग ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने विचारलं, "आजी, तिला माहीत होतं ना बाबांनी काय केलंय ते? मग ती परत त्यांच्याकडेच का गेली?"

मी मुलीकडे बघितलं, मुलीने माझ्याकडे. दोघींपैकी कुणी काही बोललं नाही. तीन आठवडे ताटात मान घालून बसलेल्या जावईबापूंनी हात पुढे केला आणि म्हणाले, "बघू, मला द्या ते पुस्तक जरा."

सध्या ते त्यांच्या उशाशी आहे. काल रात्री एक वाजेपर्यंत दिवा चालू होता. पिन कुठे पडली कुणास ठाऊक.